सोलापूर ते स्पिती, ग्रॅव्हल सायकलवर: माझा अनुभव

सोलापूरच्या आसपास ग्रॅव्हल सायकलवर, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीच्या रुंद टायरांच्या सायकलवर, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर वापरणाऱ्याला बहुतेक पंक्चर कळतच नाहीत. कालव्याकडेचा मुरुमाचा रस्ता असो की शेतातली पाणंद, वेड्या बाभळीचे काटे आणि सराटे रोज टोचतात. टायरच्या आतलं सीलंट, म्हणजे भोकात जाऊन घट्ट होणारा द्रव, भोक बुजवतं आणि आपण पुढे जातो. काट्याचं टोक मात्र रबरात तसंच राहतं. हिमाचलातल्या स्पितीला निघण्याआधी दोन्ही टायर उतरवले तेव्हा एकट्या मागच्या टायरमधून अकरा टोकं निघाली. ती काढणं फार गरजेचं आहे. तिकडे धारदार दगडाने टायरची बाजू चिरली, तर सीलंट आणि प्लग (भोकात बाहेरून खुपसायची रबरी पट्टी) तिथे टिकत नाहीत, ट्यूब घालावीच लागते. आणि आत काटे राहिले असतील तर ती नवी ट्यूब पहिल्या दोन किलोमीटरांतच फुटते.

टायर आतून बोटाने चाचपू नका, बाभळीचं टोक बोटात मोडतं. कापसाचा बोळा फिरवा. जिथे कापसाचे धागे अडकतील तिथे टोक आहे. ते बारीक चिमट्याने आतल्या बाजूनेच ओढायचं. मग जुन्या सीलंटच्या वाळलेल्या साली सोलून काढायच्या आणि नवं सीलंट भरायचं. ७०० बाय ४५ च्या टायरला मी ७० मिली घातलं. आपल्या उन्हाळ्यात सीलंट दोन-अडीच महिन्यांत वाळतं, त्यामुळे मार्चमध्ये भरलेलं सप्टेंबरपर्यंत टिकेल असं धरून चालू नये.

माझा मार्ग असा होता: रेकाँग पिओ, नाको, ताबो, काझा, लोसर, कुंझुम खिंड, बातल, छतरू, ग्रांफू. एकूण साधारण ३५० किलोमीटर. काळ सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा, कारण जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरात दरडी कोसळतात आणि ऑक्टोबरमध्ये कुंझुमवर बर्फ कधी पडेल याचा नेम नसतो.

गिअरचा हिशेब घरीच कागदावर मांडून ठेवा. माझ्या सायकलला शिमानो जीआरएक्सचा ४६-३० क्रँक (पुढे ४६ आणि ३० दात्यांच्या दोन चकत्या) आणि मागे ११-३४ कॅसेट (११ ते ३४ दात्यांच्या चकत्यांचा संच). सर्वांत हलक्या गिअरमध्ये पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण १.९५ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या तर ताशी ७ किलोमीटर. कुंझुमच्या चढावर १२ किलो सामान घेऊन माझा वेग ५ ते ६ होता, म्हणजे पाय ५० फेऱ्यांच्याही खाली येत होते आणि गुडघ्यांवर जोर पडत होता. पुढे एकच ४० दात्यांची चकती आणि मागे ११-४२ असेल तर हाच गिअर आणखी जड पडतो. महागड्या चाकांवर खर्च करण्याआधी हलका गिअर मिळवा, असं मी स्पष्ट सांगेन.

सरावासाठी तुळजापूरचा रस्ता चांगला. जाताना ४५ किलोमीटर आणि शेवटी बालाघाटचा चढ. पण सराव पूर्ण सामान लादूनच करावा. हँडलवरची पिशवी खडबडीत उतारावर सरकून पुढच्या टायरला घासते, ते रिकाम्या सायकलवर कधीच लक्षात येत नाही. पाऊस झाल्यावर मात्र काळ्या रानात शिरू नका. चिखल टायर आणि फ्रेमच्या फटीत असा बसतो की चाक फिरतच नाही, आणि तशीच रेटली तर डिरेल्युअरचा (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, वाकतो. हा हँगर दर मॉडेलचा वेगळा असतो आणि काझ्यात तो मिळणार नाही. एक जादा सोबत ठेवाच. शिवाय दोन ट्यूब, साखळीच्या दोन जोडकड्या, टायर चिरल्यास आतून लावायला जाड पट्टी आणि ब्रेक पॅडचे दोन जोड घेतले होते.

पॅड धातूमिश्रित घ्यावेत. हिमनदीच्या पाण्यातली बारीक रेती रेझिनचे पॅड भराभर खाते. पण आधी डिस्कवर, म्हणजे पॅड जिला दाबतात त्या चाकावरच्या चकतीवर, काय लिहिलंय ते वाचा. काही डिस्क फक्त रेझिन पॅडसाठीच असतात, त्यांच्यावर धातूचे पॅड लावले तर डिस्क झिजते.

सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेस थेट दिल्लीला जाते, सायकल पार्सल ऑफिसमध्ये बुक करता येते. पायडल काढताना डावं उलट्या आट्याचं असतं हे विसरू नका. मागचा डिरेल्युअर सोडवून फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधा. चाकं काढली असतील तर ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याची जाड पट्टी सरकवा, नाहीतर हमालीत लिव्हर दाबला जाऊन पिस्टन बाहेर येतात आणि डिस्क आत जात नाही. फ्रेमभोवती मी जुनी सोलापुरी चादर दुहेरी गुंडाळली आणि वरून बारदान शिवलं. चादर जाड विणीची असल्याने ओरखडा आला नाही, आणि पुढे थंडीत तीच अंगावर घेता आली. दिल्लीहून पिओला बसने, सायकल टपावर.

आता उंची. पिओकडून जायचं की मनालीकडून, हा निर्णय इथेच होतो. मनालीहून निघालात तर दोन-तीन दिवसांत ४,५५० मीटरच्या कुंझुमवर पोचता, शरीराला सवड मिळत नाही. किन्नौरकडून चढण सावकाश आहे. मी कल्प्याला २,९०० मीटरच्या आसपास दोन रात्री काढल्या, एक पूहला, मग नाकोला ३,६०० मीटरच्या वर पुन्हा दोन. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते; तिथून नाकोचा सलग चढ लागतो आणि शेवटच्या टप्प्यात डोकं जड होऊ लागतं. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा नियम. पूह ते नाको हा टप्पा तो मोडतो, म्हणूनच नाकोची दुसरी रात्र. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळण्याची गोळी) घ्यायची असेल तर सोलापुरातच डॉक्टरांना विचारून घ्या, सल्फाची ॲलर्जी असेल तर हे आवर्जून सांगा. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर आहे तिथेच थांबायचं. बसल्या जागी धाप लागत असेल किंवा टाचेला पाऊल लावून सरळ रेषेत चालता येत नसेल, तर रात्र असली तरी खाली उतरायचं.

नाकोच्या पुढे मलिंग नाला लवकर पार करा, उन्हं चढली की वरून दगड सुटतात. ताबोचा गोम्पा (बौद्ध मठ) इ.स. ९९६ चा आहे, तिथे अर्धा दिवस ठेवावा. काझ्याला तीन रात्री. मधल्या दिवशी सामान न घेता लांगझा, हिक्किम, कॉमिक फिरून आलो. ही गावं ४,४०० मीटर आणि त्याच्याही वर आहेत. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपल्याने कुंझुमची तयारी होते.

उंचीवर भूक मरते, आणि गोड बिस्किटं तर तोंडात घालवत नाहीत. वीस कडक भाकरी आणि अर्धा किलो शेंगाचटणी नेली होती. भाकरी चुरून चटणीत गरम पाणी घालून कालवायची. मीठ आणि तेल दोन्ही पोटात जातं.

काझ्याहून लोसरला मी खालच्या रस्त्याऐवजी किब्बर, चिचम पूल, कियाटो असा गेलो. ग्रॅव्हल सायकलचा खरा रस्ता हाच: घट्ट बसलेली माती, वर बारीक खडी, वाहनं मोजकी. टायरमधला हवेचा दाब मागे ३२, पुढे २८ पीएसआय ठेवला. हातपंपाने हवा भरताना लक्षात येतं की सोलापुरात शंभर दट्ट्यांत भरणाऱ्या टायरला तिथे जवळजवळ दीडशे लागतात, कारण हवाच विरळ असते.

कुंझुम ओलांडल्यावर बातलपासून छतरूपर्यंत साधारण ३२ किलोमीटरला मला पाच तास लागले. रस्ता म्हणजे नदीपात्रातले गोटे. इथे हवा आणखी दोन पीएसआयने कमी केली. त्याहून कमी केली असती तर दगडावर रिम आपटली असती. हादऱ्याने बोल्ट सैल होतात. बाटलीच्या पिंजऱ्याचे दोन्ही बोल्ट एका दिवसात निघायला आले. दर दोन तासांनी स्टेम (हँडल धरून ठेवणारा भाग), पिंजरा आणि पिशव्यांचे पट्टे हाताने तपासा. लोसरपासून कोकसरपर्यंत मोबाईलच्या भरवशावर राहू नका.

नाले सकाळी ओलांडायचे. वरचा बर्फ दुपारी वितळतो आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी तीन वाजता गुडघ्याला लागतं. पाणी गढूळ असेल तर सायकलवरून उतरा. सायकल स्वतःच्या खालच्या अंगाला, प्रवाह ज्या दिशेने जातो तिकडे धरा, म्हणजे ढकलली गेली तरी ती तुमच्या पायांवर येत नाही. सँडल वेगळी हवी, अनवाणी उतरू नये. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून डिस्क कोरडी करा, मगच उतार धरा.

छतरूला मागचे पॅड पाहिले तर अर्धा मिलिमीटर थर उरला होता, तिथेच बदलले. ग्रांफूला डांबर लागलं आणि खाली कोकसरला सायकल धुवायला घेतली. सीटपोस्ट काढून फ्रेम उलटी केली तेव्हा आतून कपभर पाणी निघालं. नळी कापडाने पुसली, सीटपोस्टला ग्रीस लावून परत बसवला आणि सायकल मनालीच्या गाडीवर चढवली.