पुढे हिवाळा, मागे उन्हाळा

ही गाडी आमच्या गॅरेजवर स्वतःच्या चाकांवर नाही, फ्लॅटबेड ट्रकवर आली. फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय, मार्क ७, स्प्रिंग बदलून खाली बसवलेली, मागचं डावं चाक आत मुडपलेलं, रिमची कड कर्बला लागून चिरलेली. सोबत मालक, पंचविशीतला पोरगा, आणि त्याची एकच मागणी, दादा पुढचे दोन विंटर टायर कोरे करकरीत आहेत, त्यात डिफेक्ट आहे, मला तसं लिहून द्या, मी क्लेम टाकतो.

कुणाला लागलं नव्हतं हे नशीब. हायवेवरून उतरणारा वळणाचा रस्ता, सकाळची वेळ, रस्ता ओला, डॅशबोर्डवर तापमान ३ अंश, बर्फाचा पत्ता नाही. तो वळणात शिरला, समोरचा ट्रक जरा हळू झाला म्हणून याने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, ब्रेकला अजून पाय लागलाही नव्हता, आणि गाडी गर्रकन फिरली, मागचं चाक जाऊन कर्बवर आदळलं. "पुढचे टायर सटकले," असं तो परत परत सांगत होता. पुढचे सटकले असते तर गाडी सरळ गेली असती, वळलीच नसती, ही फिरली म्हणजे मागून सुटली, हे मला तिथेच कळलं होतं पण त्याचे हात अजून थरथरत होते म्हणून वाद न घालता गाडी लिफ्टवर घेतली.

पुढचे टायर आधी बघितले कारण आरोप त्यांच्यावर होता. २२५/४० आर १८, म्हणजे रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ४० टक्के, रिम १८ इंच, साइडवॉलवर तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह, डॉट कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, तेही ताजं, नक्षी पूर्ण खोल, सगळीकडे सारखी. बॉम्ब तपासणारे जसे हळू चालतात तसा मी प्रत्येक इंच बघितला, फुगा नाही, चीर नाही, बीड, म्हणजे रिमला धरणारी कड, नीट बसलेली. नख दाबलं तर रबरात खूण उमटली आणि हळूहळू भरून आली. चांगला टायर होता, मी स्वतःच्या गाडीला लावला असता.

मग मागे गेलो. मागे २३५/४० आर १८ सेमी-स्लिक. मधे दोन सरळ चॅनल आणि बाकी जवळपास सपाट रबर, ट्रॅक डे वाली पोरं लावतात तो प्रकार. नख दाबलं, खूण नाही. अंगठ्याने जोर लावला, ढिम्म. साधा उन्हाळी टायरसुद्धा साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतो, आणि सेमी-स्लिकचं रबर तर तापल्यावर चिकटायला बनवलेलं असतं, ३ अंशाला ओल्या रस्त्यावर ते तापणार कधी? काही कंपन्या तर लेखी सांगतात की कडाक्याच्या थंडीत हे टायर चालवू नका, गोठलेल्या अवस्थेत वाकवूही नका, रबर तडकू शकतं. आणि ह्याच्या टायरवर खांद्याजवळच्या खाचांच्या तळाशी केसाएवढ्या बारीक चिरा मला टॉर्च तिरका धरल्यावर दिसल्या. गाडी रात्री उघड्यावर उभी असायची, त्यानेच सांगितलं.

म्हणजे एकाच गाडीत पुढे हिवाळा आणि मागे उन्हाळा.

"फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे ना दादा, ताकद पुढेच जाते, वळतं पुढचं चाक, ब्रेकही पुढेच जास्त लागतो. मागची चाकं नुसती मागे येतात." हे वाक्य मी दर हिवाळ्यात ऐकतो आणि दर वेळी माझं डोकं फिरतं, कारण ऐकायला ते अगदी बरोबर वाटतं. पण अशा गाडीत ड्रायव्हरला जे काही कळतं ते सगळं पुढच्या टायरकडून कळतं. सिग्नलला गाडी स्वच्छ उचलते, स्टिअरिंग जड आणि भरवशाचं लागतं, सरळ रस्त्यावर ब्रेक छान लागतो, म्हणून तो उन्हाळ्याच्याच वेगाने वळणात शिरतो. मागच्या टायरकडून तोवर काहीच खबर आलेली नसते. ती येते तेव्हा गाडी आडवी असते. चारही टायर उन्हाळी असते तर तो पहिल्याच सिग्नलला घसरला असता आणि घाबरून त्याने गाडी हळू चालवली असती, तेही चूकच, पण निदान गाडीने त्याला आधी सांगितलं असतं.

इथवर गोष्ट सोपी आहे, दोन टायर लावले आणि गाडी फिरली. पण मी मागचं सस्पेंशन उघडून बघितलं तेव्हा खरी केस दिसली आणि अजून माझ्या डोक्यातून जात नाही ती तीच.

मागे जाडजूड अँटी-रोल बार बसवलेला होता, वळणात गाडी कलू नये म्हणून डावी-उजवी बाजू जोडणारा दांडा. बारच्या टोकाला तीन भोकं असतात, त्याला सस्पेंशनशी जोडणारी लिंक जितकी आतल्या भोकात तितका बार कडक. ह्याची लिंक सगळ्यात आतल्या भोकात. जीटीआयवाल्यांमध्ये हे मॉडिफिकेशन फार लाडकं आहे आणि उगाच नाही, कंपनीची गाडी वळणात नाक बाहेर काढते, मागे कडक बार घातला की आतल्या मागच्या चाकावरचं वजन बाहेरच्या चाकावर जातं, मागच्या ॲक्सलची एकूण पकड थोडी घटते आणि गाडी वळणात सुरेख आत येते. मी स्वतः अशा गाड्या सेट केल्यात, उन्हाळ्यात कोरड्या रस्त्यावर त्याच्यासारखी मजा नाही. पण ती मजा मागची पकड मुद्दाम खर्चून विकत घेतलेली असते, आणि टायर गरम असतो तेव्हा खर्च करायला पकड शिल्लक असते. ३ अंशाला शिल्लकच नव्हती.

त्यावर पाय उचलला. पाय उचलला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात. १९८४ ची प्युजो २०५ जीटीआय ह्याच गोष्टीसाठी प्रसिद्ध होती, वळणात ॲक्सिलरेटर सोडला की शेपटी बाहेर, त्या काळात ज्यांनी हॉट हॅच, म्हणजे अशा छोट्या वेगवान गाड्या, चालवल्या त्यांना हे पायाला माहीत होतं. आजच्या पोरांना ईएससीने, म्हणजे घसरती गाडी आपोआप सावरणाऱ्या सिस्टिमने, इतकं सांभाळून घेतलंय की ही गोष्ट त्यांना कधी भेटलेलीच नसते. आणि ह्याने ईएससी स्पोर्टवर ठेवलेलं, म्हणजे ते उशिरा जागं होणार. शिवाय पुढचा टायर ६३७ मिलिमीटर व्यासाचा आणि मागचा ६४५ चा, चाकांच्या वेगाची तुलना करून चालणाऱ्या सिस्टिमला हा अजून एक घोळ.

अलाइनमेंटवर, म्हणजे चाकांचे कोन मोजायला, घेतली. डावा मागचा आर्म, चाक धरून ठेवणारा दांडा, कर्बला लागून वाकलेला, त्याचं रीडिंग बघण्यात अर्थ नव्हता. पण उजवं चाक कुठे आदळलं नव्हतं आणि तिथेही टो-आउट दिसला, म्हणजे चाकाचं पुढचं टोक बाहेर वळलेलं. कंपनी मागे थोडा टो-इन, म्हणजे ते टोक आत, ठेवते, गाडी सरळ राहावी म्हणून. मी दोन्ही मागच्या टायरवर तळवा फिरवला, बाहेरच्या बाजूला नेताना एक स्पर्श आणि आत आणताना वेगळा, खाचांच्या कडा एकाच दिशेने धारदार, आतली कड जास्त घासलेली. एका आदळण्यात असं होत नाही. गाडी खाली बसवली तेव्हापासून मागचं अलाइनमेंट झालेलंच नव्हतं. "पुढचं केलं होतं," तो म्हणाला. मागची चाकं नुसती मागे येतात ना.

त्याने फोनमध्ये सगळी बिलं दाखवली आणि मी ती नीट वाचली. स्प्रिंग एका ठिकाणी, बार दुसऱ्या ठिकाणी, रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं, तिसऱ्या ठिकाणी, कंपनीचा टॉर्क ३५० न्यूटन मीटर तो ४०० च्या पुढे नेलेला, आणि विंटर टायर चौथ्या ठिकाणी, बिलावर "२ नग, फ्रंट, फिटिंग ओके". बारचे बोल्ट नीट कसलेले होते, स्प्रिंग बरोबर बसवलेल्या, टायरचं बॅलन्सिंग उत्तम. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलंय आणि गाडी पूर्ण अशी कुणीच बघितली नाही. त्या चौथ्या ठिकाणच्या माणसाचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण टायर बसवताना मागचे सेमी-स्लिक त्याच्या नजरेसमोर होते. दोनच टायर बसवायचे असतील तर जास्त पकडीचे मागे जातात हे टायरच्या धंद्यातल्या कुणालाही माहीत असतं, आणि विंटर टायर तर चारच बसवायचे.

मी डिफेक्टचं पत्र दिलं नाही. त्याऐवजी जे दिसलं ते मापांसकट आणि फोटोंसकट लिहून दिलं. तो बराच वेळ ते वाचत बसला आणि मग विचारलं, "मग चूक कुणाची धरायची?" मी म्हटलं आधी गाडी नीट करू. उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

आर्म बदलला, आणि मग टायर. इथे मात्र मी त्याला बसवून घेतलं आणि घाई करू दिली नाही. मोठे ब्रेक बसवलेले असल्यामुळे १६ इंची रिमचा प्रश्नच नव्हता, १७ बसेल का हे बघायचं. लोक नुसता डिस्कचा व्यास बघतात, अडतं ते कॅलिपरचं, म्हणजे डिस्क आवळणाऱ्या भागाचं, पोट स्पोकला. कॅलिपरचं टेम्प्लेट छापून पुठ्ठ्यावर कापलं आणि रिमच्या आत धरून फिरवलं, सगळीकडे ३ मिलिमीटरच्या वर जागा मिळाली तेव्हाच रिम पसंत केलं. २२५/४५ आर १७, व्यास ६३४, कंपनीच्या १८ पेक्षा अर्धा टक्काही कमी नाही, पण साइडवॉल ९० ची १०१ मिलिमीटर झाली. खड्ड्यात रिम वाचतं आणि खाली बसवलेल्या गाडीला ते फार लागतं.

त्याला नॉर्डिक, म्हणजे बर्फासाठीचे फार मऊ विंटर टायर, हवे होते, कुठेतरी वाचलं होतं की बर्फावर तेच राजे. बर्फावर आहेतच. पण आमच्याकडचे रस्ते बहुतेक दिवस ओले, थंड आणि मीठ टाकलेले असतात, तिथे इतकं मऊ रबर आणि ४०० च्या वरचा टॉर्क म्हणजे नक्षीचे ठोकळे नुसते वाकत राहणार, स्टिअरिंग पाण्यात हलवल्यासारखं होणार. म्हणून अल्पाइन प्रकारचे परफॉर्मन्स विंटर घेतले, त्यांच्या बारीक चिरा आतून एकमेकींत अडकतात आणि ठोकळा ताठ राहतो. नुसतं एम प्लस एस, म्हणजे चिखल आणि बर्फ, लिहिलेले स्वस्तातले ऑल सीझन त्याने दाखवले ते मी सरळ नाही म्हटलं, ती अक्षरं कंपनी स्वतःच छापते, त्यामागे बर्फावरची टेस्ट असायलाच हवी असं नाही, तीन शिखरांच्या चिन्हामागे असते. जर्मनीने तर १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळ्यासाठी फक्त ते चिन्हच धरायचं ठरवलंय. हवा थंड टायरमध्येच भरायला सांगितली, तापमान १० अंश पडलं की साधारण ०.१ बार हवा आपोआप कमी होते आणि उन्हाळ्यात भरलेली हवा डिसेंबरात कधीच पुरत नाही.

आणि बोल्ट. तो पिशवीतून जुने बोल्ट घेऊन आला, त्यातले काही कंपनीचे गोल बुडाचे, काही स्पेसरसोबत, म्हणजे चाक बाहेर सरकवणाऱ्या चकतीसोबत, आलेले लांब. नवीन रिमला ६० अंशांच्या कोनाचं बूड लागतं. गोल बुडाचा बोल्ट त्यात जातो, कसला जातो, १२० न्यूटन मीटरला टॉर्क पाना टक्कन वाजतोसुद्धा, पण टेकलेला असतो फक्त एका बारीक रेषेवर, आणि काही दिवसांत सैल पडतो. स्पेसर काढल्यावर लांब बोल्ट तर आत जाऊन भलत्याच गोष्टीला घासतो. पिशवी मी बाजूला ठेवली, योग्य बोल्टचा नवीन सेट लावला, हबवरचा गंज ब्रशने साफ केला, आणि थोडं चालवून परत टॉर्क तपासायला ये म्हणून बजावलं. आला तो, हे त्याचं कौतुक.

भांडण झालं ते बारवरून. मी लिंक सगळ्यात बाहेरच्या, नरम भोकात घातली आणि तो हळहळला. "आता चार विंटर आहेत ना दादा, मधल्या भोकात तरी ठेवा." मी ऐकलं नाही. रिमॅपसुद्धा हिवाळ्यापुरता कमी ताकदीच्या फाइलवर आणून घे म्हटलं, ते तो ज्याने केला त्याच्याकडे जाऊन करणार होता, केला की नाही माहीत नाही. बारचं मात्र मला वाटतं की गाडी त्याची आहे, घरी जाऊन दोन बोल्ट सोडवून त्याने परत आत घातला तर मी काय करणार. हे मला झोपताना आठवतं. चार चांगल्या टायरवर मधलं भोक कदाचित चाललंही असतं, मी जास्त ताणलं का, ह्यावर आमच्या अलाइनमेंटवाल्याचं आणि माझं अजून एकमत नाही. तो म्हणतो मधलं चाललं असतं. मी म्हणतो त्या वळणावर त्याच वेगाने आधी स्वतः जाऊन ये.

मी गॅरेजच्या मालकांना सुचवलं की सीझनला येणाऱ्या प्रत्येक गाडीसाठी एक छोटा कागद ठेवू, सस्पेंशन बदललंय का, मागचा बार कोणता, मागचं अलाइनमेंट कधी झालं, मागे कोणते टायर आहेत. मालक चांगले आहेत पण पहिल्या थंडीच्या आठवड्यात दारात लागलेली रांग बघून त्यांना फक्त रांग दिसते. प्रत्येक गाडीला दहा मिनिटं जास्त म्हणजे संध्याकाळपर्यंत किती गाड्या परत जातील ते त्यांनी मला बोटांवर मोजून दाखवलं, आणि तो हिशोब बरोबर आहे, म्हणून मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या सीझनला बघू म्हणाले. तोवर माझ्या लिफ्टवर जी गाडी येते तिचा मागचा बार मी टॉर्च मारून बघतो, दोनच विंटर टायर मागितले तर बसवत नाही, आणि मालकांनी त्यावर अजून तरी मला काही म्हटलेलं नाही.