लग्नपत्रिका करून देणारा माणूस शोधताना

धाकट्या भावाच्या विवाहाच्या तयारीत पत्रिकेचे काम माझ्याकडे आले. त्या काळात जे पाहिले आणि समजून घेतले, ते ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून हे लिहीत आहे. माझे मत प्रारंभीच सांगते. कागद, सोनेरी छपाई, गणपतीचे चित्र या सर्व गोष्टी नंतर ठरवता येतात. आधी असा डिझायनर शोधावा, जो आपला मजकूर मराठीत वाचतो.

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात किंवा मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर गेले की तयार कार्डांचे जाडजूड अल्बम समोर येतात. ही कार्डे आधीच छापलेली असतात आणि मधल्या मोकळ्या जागेत आपला मजकूर बहुधा स्क्रीन प्रिंटिंगने छापून मिळतो. वेळ थोडा असेल आणि खर्च आटोक्यात ठेवायचा असेल, तर हा मार्ग मला आजही उत्तम वाटतो. मात्र दोन घरांच्या रीती वेगळ्या असतील, मजकूर दोन भाषांत हवा असेल किंवा साखरपुडा, हळद आणि स्वागत समारंभ यांची निमंत्रणे एकाच घडणीची हवी असतील, तेव्हा स्वतंत्र डिझायनरची गरज भासते.

डिझायनरकडे जाताना मी एका कागदावर ‘येणाऱ्या’, ‘ज्येष्ठ’, ‘श्रद्धा’, ‘कृपाशीर्वाद’, ‘लक्ष्मण’ असे शब्द लिहून नेत असे आणि त्यांच्या संगणकावर ते लावून दाखवण्याची विनंती करीत असे. ‘येणाऱ्या’मधला र मराठीची खास खूण आहे, ज्या फाँटमध्ये त्याची सोय नसते, तेथे य वर रफार चढतो आणि उच्चारच बदलतो. हिंदी वळणाच्या फाँटमध्ये श आणि ल यांची रूपेही वेगळी येतात. राज्य शासनाने २००९ साली प्रमाणित केलेल्या वर्णमालेत देठाचा श आणि पाकळीचा ल आहे, आणि आपले डोळे त्याच रूपांना सरावलेले असतात. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, दोन्ही रूपांचा संकेतांक एकच असल्यामुळे आपल्याला कोणते रूप दिसणार, हे केवळ फाँट निवडणाऱ्याच्या हाती राहते.

दुसरी अडचण सॉफ्टवेअरची आहे. फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची मांडणी सुरू केली नसेल, तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात. अनेक छापखान्यांत अजून श्रीलिपीसारख्या व्यवस्थेतले जुने, युनिकोड नसलेले फाँट वापरले जातात, त्यामुळे आपण व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर तेथे रूपांतरित करावा लागतो किंवा पुन्हा टंकावा लागतो, आणि आजीच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ नेमका याच टप्प्यावर बदलतो. म्हणून ‘मजकूर तुमच्याकडे कोण टंकतो आणि कोण तपासतो’ हा प्रश्न मी दर विचारण्याआधी विचारत असे. या प्रश्नाचे सरळ उत्तर देणारे लोकच पुढे विश्वासाचे ठरले.

पंचांगाच्या बाबतीतही मराठी वाचणारा माणूस लागतो. एका नमुन्यात आमच्याकडच्या कार्तिक वद्य पंचमीची मार्गशीर्ष कृष्ण पंचमी झालेली मला आढळली, कारण नमुना उत्तरेकडचा होता आणि तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, तर आपल्याकडे अमावास्येला. त्याच नमुन्यात शालिवाहन शकाच्या जागी विक्रम संवत होता. या दोन्हींत १३५ वर्षांचे अंतर आहे. तिथी, वार आणि इंग्रजी तारीख यांचा मेळ गुरुजींना दाखवून घ्यावा, आणि तोही छपाईची आज्ञा देण्याआधी.

चांगला डिझायनर चित्र काढण्यापूर्वी प्रश्न विचारतो, असे माझे निरीक्षण आहे. बौद्ध पद्धतीच्या ‘मंगल परिणय’ सोहळ्याच्या पत्रिकेवर तथागत बुद्ध आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमा असतात; सत्यशोधक पद्धतीच्या विवाहात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचे स्मरण केले जाते आणि मुहूर्ताला स्थान नसते. कलश, मुंडावळ्या आणि कुलदेवतांची नावे सर्वांनाच हवी असतात, असे गृहीत धरणाऱ्याकडे हे काम देऊ नये. वधूच्या आईचे नाव निमंत्रकांत हवे का, दिवंगत आजोबांचा उल्लेख कोठे यावा, आहेराविषयीची ओळ कोणत्या शब्दांत लिहावी, हे त्याने विचारले तर तो पत्रिका समजून घेत आहे, असे निश्चित समजावे.

छपाईविषयी थोडक्यात सांगते. ऑफसेटमध्ये प्लेट तयार करण्याचा खर्च प्रती कितीही काढल्या तरी तेवढाच येतो, त्यामुळे मोठ्या संख्येला ते परवडते. शे-दीडशे पत्रिकांना डिजिटल छपाई सोयीची पडते. सोनेरी फॉइल तापवलेल्या ठशाने दाबून बसवतात, त्यामुळे बारीक अक्षरांतल्या पोकळ जागा बुजतात आणि ‘द्ध’, ‘ष्ठ’ ही अक्षरे डाग पडल्यासारखी दिसतात. फॉइल केवळ वधूवरांच्या नावांपुरते ठेवावे. हातकागद मला मनापासून आवडतो. तो मुख्यतः सुती चिंध्यांच्या लगद्यापासून होतो आणि पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्थेने हे काम अनेक दशके जपले आहे. परंतु त्याच्या खरबरीत पृष्ठावर लहान टाइप अस्पष्ट उमटतो, म्हणून ठळक अक्षर आणि स्क्रीन प्रिंटिंग यांची जोड त्याला द्यावी. मात्रा आणि उकार यांना वर-खाली जागा लागत असल्यामुळे देवनागरी अक्षर त्याच मापाच्या इंग्रजी अक्षराहून लहान भासते, आणि पत्रिका सर्वांत मन लावून वाचणारी मंडळी वयस्कर असतात. तेव्हा टाइप मोठा आणि ओळींतले अंतर सैल ठेवण्याचा आग्रह धरावा.

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि दिवाळीपासूनच छापखाने भरलेले असतात, म्हणून हिवाळ्यातल्या कार्यासाठी दसऱ्याच्या सुमारास डिझायनर ठरवावा. आराखड्याचे मानधन आणि छपाईचा खर्च वेगवेगळे लिहून घ्यावेत. किती वेळा बदल करून मिळतील आणि मोबाइलवर पाठवण्याची प्रत त्यातच येते का, हेही तेव्हाच ठरवावे. शेवटचे प्रूफ पडद्यावर न पाहता प्रत्यक्ष निवडलेल्या कागदावर मागवावे आणि ते दोन्ही घरांतील प्रत्येकी एका जाणत्या माणसाने मोठ्याने वाचून सही करून परत द्यावे. आमच्याकडे हे काम आईने आणि विहीणबाईंनी एकत्र बसून केले.