पात्र वाजवून घेताना

'पात्र' हा मराठीतला मोठा सोयीचा शब्द. नाटकातलं माणूस पात्र, पाणी प्यायचं भांडं पात्र, नदीचं असतं ते तिसरंच, आणि लग्नकार्यात सगळ्यांना हैराण करणारे मामा म्हणजे तर 'एक पात्रच'. यातलं भांडं आपण नीट पारखून घेतो. कुंभाराकडचा माठ कुणी नुसत्या रंगावरून घेत नाही. बोटाच्या पेरानं टकटक करून बघतात. खणखणीत वाजला तर पक्का भाजलाय, बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे. सिनेमातल्या माणसाला मात्र थिएटरमधून पार्किंगपर्यंत जायच्या आत 'बिचारा', 'नालायक' नाहीतर 'काम मस्त केलंय' यांपैकी एक चिठ्ठी चिकटवून आपण मोकळे.

वाजवायचं तर कुठे? संवादांवर सगळ्यात शेवटी. माणूस स्वतःबद्दल जे बोलतो ते त्याला दिसायचं कसं आहे ते असतं. त्याआधी बघावं ते त्याचं नेहमीचं काम, मग घर, आणि जमलं तर त्याची सुट्टी.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) हा या अभ्यासासाठी मुद्दाम बनवल्यासारखा सिनेमा आहे. नारायण कांबळे या लोकशाहिरावर खटला उभा राहतो. त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगारानं जीव दिला, असा आरोप. सरकारी वकील नूतन कलमांमागून कलमं एका सुरात वाचत जाते. प्रेक्षक लगेच ठरवतो की ही खलनायिका. मग कॅमेरा तिच्यामागून निघतो. लोकलचा प्रवास, मुलाला घेऊन घर गाठणं, स्वयंपाक, वाढणं. प्रेक्षक विरघळतो, म्हणतो की बाई चांगली आहे हो. इथे तो दुसऱ्यांदा फसतो, कारण ही दोन दृश्यं एकमेकांना खोडत नाहीत. ती ज्या सराईतपणे स्वयंपाक उरकते, त्याच सराईतपणे एका म्हाताऱ्या शाहिराचा जामीन अडवते. दोन्ही तिच्या लेखी उरकायची कामं. तिच्या स्वभावाचं अख्खं टिपण 'उरकणं' या एका क्रियापदात बसतं. तेच क्रियापद न्यायाधीशांना लावून बघा. बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका बाईची सुनावणी ते घेत नाहीत. उन्हाळी सुट्टी लागते, कोर्टातले दिवे बंद होतात, कॅमेरा काळोखात तसाच थांबतो. सिनेमा संपला असं वाटून लोक उठायला लागतात, तर पुढचं दृश्य सहलीचं. साहेब बाकावर डुलकी घेताहेत. पोरं ओरडून दचकवतात. ते एका पोराला थप्पड देतात आणि पुन्हा डोळे मिटतात. कुणाची सुनावणी नाही, पुढची तारीख नाही. सुट्टीवरचा माणूस बघावा तो यासाठी.

याच सिनेमात मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते. गटारात उतरण्याआधी नवरा आत खडा टाकून बघायचा, झुरळं बाहेर येतात का म्हणून. गॅस आहे की नाही ते त्यावरून कळायचं. बाई हे रेशनच्या रांगेबद्दल बोलावं तशा आवाजात सांगते. मरणारा माणूस सिनेमाभर एकदाही दिसत नाही, पण त्या एका खड्यानं तो डोळ्यांसमोर उभा राहतो. आत्महत्या करायला निघालेला माणूस झुरळं कशाला बघेल?

व्यक्तिरेखेवरून आशयसूत्राकडे, म्हणजे गोष्टीला काय म्हणायचंय त्याकडे, येताना बहुतेकांची गाडी घसरते. 'फँड्री' कशावर आहे? 'जातीवर.' हा झाला विषय, आशयसूत्र नव्हे. विषय एका शब्दात मावतो, आशयसूत्राला पूर्ण वाक्य लागतं, आणि त्यात एक 'पण' असला तर उत्तम. ते वाक्य सापडत नसेल तर एखादी वस्तू धरावी आणि ती पहिल्यांदा कुठे येते, शेवटी कुठे जाते, एवढंच बघावं. नागराज मंजुळे यांच्या या २०१३ च्या सिनेमात अशी वस्तू आहे दगड. शाळकरी पोरगा जब्या गलोल घेऊन काळ्या चिमणीच्या मागे हिंडतो. तिची राख वर्गातल्या शालूवर टाकली की ती आपल्यावर भाळेल, असं त्याच्या डोक्यात बसलंय. त्याला पकडायची आहे चिमणी, पण गाव त्याला पकडायला लावतं डुक्कर. झालं की वाक्य. शेवटी तोच दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेनं येतो. सुरुवातीला पाखरावर रोखलेला नेम अखेरीस खुर्चीत बसलेल्या आपल्यावर. मधला सगळा सिनेमा म्हणजे नेमाची दिशा हळूहळू बदलत जाणं.

राष्ट्रगीताचं दृश्य सगळ्यांना आठवतं. डुक्कर हाताशी आलेलं, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, अख्खं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं आणि डुक्कर आरामात निघून जातं. या दृश्यावर दोन पानं 'विडंबन' वगैरे लिहिता येतात. त्यापेक्षा एक साधा प्रश्न विचारावा: नियम कोण पाळतंय आणि त्याची किंमत कोण मोजतंय? दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर आलं की दिग्दर्शकाला काय म्हणायचंय ते कळतं, 'विडंबन' हा शब्द न वापरताही.

प्रतीकं शोधण्याची मात्र एक खाज असते. जब्याच्या बापाचं नाव कचरू. लगेच कुणीतरी लिहितं, 'कचरू म्हणजे कचरा, व्यवस्थेनं माणसाला दिलेली किंमत.' ऐकायला भारी वाटतं. पण कचरू, दगडू, धोंडू ही नावं महाराष्ट्रात कितीतरी घरांत ठेवली गेली, ती मूल जगावं म्हणून. आधीची पोरं गेलेली असली की नंतरच्याला मुद्दाम हलकं नाव द्यायचं, म्हणजे दृष्ट लागत नाही. म्हणजे त्या नावात तुच्छता शोधायला जावं तर हाती लागते आईबापाची माया. प्रतीक म्हणून काही उचलण्याआधी ती गोष्ट त्या गावात साधी गोष्ट म्हणून कशी वापरतात ते विचारून घ्यावं. उलट सिनेमाचं शीर्षक खरंच बोलकं आहे. फँड्री हा कैकाडी शब्द, अर्थ डुक्कर. तिकीट काढतानाच आपण न कळत जब्याच्या घरची भाषा बोललेलो असतो.

कादंबरीत चेहरा नाही, कॅमेरा नाही. तिथे वाजवून बघायचे ते शब्द. पेन्सिल घ्यावी, कुठलीही सलग दहा पानं घ्यावीत आणि निवेदक पुन्हा पुन्हा वापरतो तो शब्द खुणावत जावा. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर याच्या 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'ची नक्कल आजही होस्टेलवर चालते. नक्कल करणाऱ्यांना वाटतं ही फॅशन आहे. पण 'वगैरे' लागतं कशाला ते बघा. ज्या गोष्टीपुढे लोक हात जोडतात, तिला तो 'वगैरे' लावून खाली बसवतो. आणि त्याची धाकटी बहीण मणी देवीच्या साथीत जाते, तिथे येऊन वाचायचा वेग कमी करावा. हलकं करून टाकायची त्याची सवय त्या मरणापुढे कितपत चालते, हे पेन्सिलीच्या खुणा मोजल्या की दिसतं. तीच पांडुरंगची खरी ओळख.

दुसरी खूण आपल्या भाषेनं फुकट दिलेली आहे: कोण कोणाला 'अरे' म्हणतं, कोण 'अहो', आणि ते कुठल्या पानावर बदलतं. इंग्रजी कादंबरी वाचणाऱ्याला ही चैन नाही.

निवेदक आणि लेखक यांची गल्लत ही जुनी खोड. त्याच्याही आधीची म्हणजे निवेदक केव्हा बोलतोय हे न बघणं. 'श्यामची आई'तली आई अनेकांना निव्वळ सोज्वळ वाटते, वाजवून न घेतलेल्या माठासारखी. साने गुरुजींनी प्रकरणांना 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी नावं दिली, कारण मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्री गोष्ट सांगतो आहे. आई केव्हाच गेलेली. आपल्याला दिसते ती लेकाच्या आठवणीतली आई. तरीही त्याच आठवणीत पोहण्याची गोष्ट आहे. पाण्याला भिऊन श्याम माळ्यावर लपतो आणि आई शिंपटीनं फोडून त्याला बाहेर काढते. इतक्या प्रेमानं बोलणाऱ्या मुलानं हे गाळलं नाही. गाळलं असतं तर आईचा फक्त फोटो उरला असता, हार घातलेला.

एक व्यवहाराची गोष्ट. पहिल्या वाचनात पेन्सिल हातात धरू नये, गोष्ट गोष्टीसारखी वाचावी. दुसऱ्या वाचनात धरावी. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर पानावर खुणा नकोत, जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या कराव्यात, चिठ्ठीवर पान क्रमांक आणि फक्त एक क्रियापद. समासात आधीच्या कुणीतरी शाईनं 'सुंदर!' लिहून ठेवलेलं असतंच, आणि तेही बहुतेक वेळा पुस्तकातल्या सगळ्यात कच्च्या वाक्यासमोर.