भंगारातली साखळी उभी करताना

स्वातंत्र्य या विषयावर भंगारातून शिल्प करायचं होतं. पिंजरा आणि त्यातून उडणारा पक्षी करायचा नाही हे आधीच ठरवलेलं, कारण स्वातंत्र्य म्हटलं की जो तो तेच करतो. भंगारातून खिडकीचं जुनं ग्रील आणि एक जाड साखळी उचलली, पुढचं पुढे बघू म्हटलं. पिकासोनं १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, त्यात सीट सीटच राहते आणि बैलही दिसतो, मलाही ग्रील ग्रीलच दिसायला हवं होतं.

माल तपासणं कंटाळवाणं पण टाळता येत नाही. बीडाचे (ओतीव लोखंडाचे) तुकडे बाजूला काढले, वेल्डिंगच्या साध्या रॉडने जोडले तर थंड होताना तडकतात. साखळीवर जस्ताचा मुलामा होता तो जोडायच्या जागी ग्राइंडरने घासून काढला, कारण जस्त ९०७ अंशांनाच उकळतं आणि लोखंड वितळायला साधारण १५०० लागतात, म्हणजे जोड लागायच्या आत पांढरा धूर सुटतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. (घासतानाही मास्क लावा, उगाच हिरोगिरी नको.)

ग्रील आडवं टाकलं, मधले दोन गज तापवून बाजूला वाकवले आणि त्या फटीतून साखळी वर काढली. साखळी छताला टांगून ताणली, मग खालून एकेका कडीला टॅक (वेल्डिंगचा छोटा टाका) मारत वर गेले. इथे खरी मजा आहे. एका बाजूला टॅक मारला की तो थंड होताना आकसतो आणि साखळी तिकडेच ओढली जाते, मग लगेच समोरून दुसरा मारायचा, थांबायचं, लांबून बघायचं, परत पहिल्या बाजूला यायचं, घाई केली की वाकडी झालीच समजा.

वरचा हुक सोडला आणि साखळी तशीच उभी! खूप वेळ बघत बसले आणि मग डोक्यात भुंगा सुरू, की ही आता कुणालाच बांधू शकत नाही हे खरं, पण तिला स्वतःलाही हलता येत नाही, मग ही सुटली की अडकली? ठरेना, म्हणून वरच्या तीन कड्या मुद्दाम परत सैल केल्या, त्या एका बाजूला लोंबतात आणि हात लावला की खळखळतात. गंज पॉलिश केला नाही, ब्रशने सुटा गंज झाडून वरून मॅट लॅकर मारलं. बघायला येणारे आधी त्या कड्याच ओढून बघतात, त्यामुळे खाली जाड प्लेट जोडावी लागली, नाहीतर सगळं कलंडलंच असतं.