येताना झगा घेऊन ये

नाताळात भक्ती टिकवायला कष्ट पडत नाहीत. दारात कागदी चांदणी लटकत असते, करंज्यांचे डबे भरलेले असतात, रात्री पोरं गाणी गात दारोदार फिरतात. खरी परीक्षा जानेवारीत. चांदणीतला बल्ब गेलेला, डब्याच्या तळाशी नुसता चुरा आणि पहाटे साडेपाचला गजर वाजला, की नगरच्या थंडीत हात जोडले जायच्या आधी गोधडी वर ओढली जाते. मोबाइलवरचं बायबल गोधडीत घेऊन वाचायचा प्रयोगही मी करून पाहिलाय. तिसऱ्या वचनाला मोबाइल नाकावर पडतो. आमची आजी म्हणायची, "प्रभू गोधडीतल्याचंही ऐकतो रे. गोधडीतला प्रभूचं ऐकतो का, तेवढं बघ."

अशाच एका पहाटे बायबलातल्या, प्रेषित पौलानं आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवटचा अध्याय उघडला. पौल रोममध्ये कैदेत आहे, मरण जवळ आलंय हे त्याला ठाऊक आहे. धाव संपवली, विश्वास राखला, असं तो म्हणतो. ते शब्द आम्ही अंत्यविधीला इतक्यांदा ऐकलेत, की पुढचं वाचायचं राहूनच जातं. पुढे तो लिहितो : त्रोवस बंदरात कार्प नावाच्या माणसाकडे माझा झगा राहिलाय, येताना घेऊन ये. पुस्तकंही आण, विशेषतः चर्मपत्रं. आणि अगदी शेवटाकडे, हिवाळ्यापूर्वी यायचं बघ.

नीतिमत्त्वाचा मुकुट आपल्यासाठी ठेवलेला आहे अशी खात्री असलेला माणूस झगा मागतो! मला एकदम बरं वाटलं. थंडी वाजणं हा विश्वासाचा दोष नव्हे तर.

तो झगाही साधाच. जाडाभरडा, बिनबाह्यांचा, डोकं घालायला मधे भोक. आपल्या धनगरी घोंगडीचा लांबचा भाऊच म्हणा. कॅथलिक धर्मगुरू मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या वेळी सगळ्यांत वरून घालतात तो झगा मूळचा याच घराण्यातला. आता त्यावर जरीकाम असतं, तेव्हा चिखल असायचा.

आणि घाई का, तर हिवाळ्यात त्या समुद्रावरची जहाजं जवळपास बंदच असत, साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. संधी हुकली की भेट गेली वसंतावर. पौलाला हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं. उशिरा हाकारलेलं जहाज फुटून तो आणखी 275 जणांसोबत मिलिता (आजचं माल्टा) बेटावर लागला होता. पाऊस होता, गारठा होता, आणि तिथल्या लोकांनी शेकोटी पेटवली. ती माणसं ख्रिस्ती नव्हती, हे मला फार आवडतं. पौल स्वतः काटक्या गोळा करत होता. (त्यातून साप निघाला, तो भाग रविवारच्या शाळेत सगळ्यांचा पाठ असतो; शेकोटी कुणाला आठवत नाही.)

जानेवारीचा पहिला आठवडा आमच्या मंडळीत प्रार्थना सप्ताहाचा. त्याचं आवाहन निघालं लुधियानातल्या मिशनऱ्यांकडून, आणि 1860 च्या जानेवारीत तो पहिल्यांदा पाळला गेला. पंजाबातला जानेवारी ज्यांनी काढला, त्यांनाच हे सुचावं! आमच्याकडे रोज संध्याकाळी एकेका घरी बैठक असते. सतरंजी, पेटी, भजन, दारात चपलांचा ढीग, शेवटी आलं घातलेला चहा. पहिले दोन दिवस घर भरतं. तिसऱ्या दिवसापासून पाळकसाहेब मोजायला लागतात.

यंदा चौथ्या दिवशी मी दांडी मारायचं पक्कं केलं होतं. घसा धरला होता, म्हणजे धरणार होता. साडेसहाला आदल्या दिवशीच्या घरातल्या काकूंचा फोन आला. "सलाम रे. तुझा मफलर राहिलाय आमच्या खुर्चीवर. आज शेजारीच आहे प्रार्थना, तिथे घेऊन येते. ये तू."

मला त्रोवसातला कार्प आठवला. बायबलात त्याचं नाव एवढ्या एकाच ठिकाणी येतं. त्यानं कधी उपदेश केला का, कुणाला बरं केलं का, काही लिहिलेलं नाही. दुसऱ्याचा झगा घरी सांभाळून ठेवला होता, एवढंच.

"येतो, काकू," म्हणालो. कानाला पंचा गुंडाळला आणि स्कूटरला किक मारली.