पिपा

लग्नाच्या घरी पंधरा किलोचा तेलाचा पिपा रिकामा व्हायच्या आधीच त्याच्यावर चार जणींचा डोळा असतो. तेल काय, पंगतीत संपून जातं. पिपा मात्र पुढं वर्षानुवर्षं गावात नांदतो. यवतमाळकडच्या आमच्या गावात वरचा पत्रा छिन्नीनं कापतात, कडा आत ठोकून घेतात, म्हणजे हाताला लागत नाही. मधे आडवी काठी बसवली की विहिरीवर न्यायला बादली तयार.

नवा असेतो त्यात तुरीची डाळ राहते. तेव्हा त्याला घरात मान. मग तो चुलीवर चढतो. खाली पऱ्हाट्या, वर आंघोळीचं पाणी. बूड गळायला लागलं की तुळस नाहीतर कोथिंबीर. आणि अगदीच राम उरला नाही तर चारी बाजू सरळ करून न्हाणीच्या दाराला ठोकतात. आमच्या गल्लीतल्या एका दारावर अजून अर्धं शेंगदाण्याचं चित्र आहे. मला ते दार आवडतं. पिपा मागून नेला तर रिकामा परत करायचा नाही, हाही इथला रिवाज. चार वांगी, मूठभर चवळीच्या शेंगा, काहीतरी तळाशी असतंच.

शेजारच्या मावशींचा मुलगा मुंबईला धारावीत याच पिप्यांच्या कामाला आहे. हॉटेलांतून, मिठाईच्या दुकानांतून रिकामे पिपे तिथं येतात. कढत पाण्यानं धुवायचे, चिकटलेला कागद खरवडायचा, पोचे ठोकून काढायचे आणि पुन्हा विकायचे. त्याच्या शेजारी तेरा कंपाउंडला प्लास्टिकचा धंदा. तुटक्या बादल्या, खुर्च्या रंगानं, प्रकारानं निवडायच्या, भरडायच्या, धुऊन वाळवायच्या, वितळवून बारीक दाणा पाडायचा. निवडणारे म्हणे नुसत्या आवाजावरून प्लास्टिक ओळखतात, नाहीच कळलं तर कोपरा जाळून वास घेतात. आपल्याकडे कापसाचा व्यापारी बोटांत धागा ओढून बघतो, तसंच हे.

सगळी धारावी दोन चौरस किलोमीटरांहून थोडीशी मोठी. तेवढ्यात माणसं किती, यावर अंदाज करणाऱ्यांचंच जमत नाही. कोणी सहा लाख म्हणतं, कोणी दहा. आमच्या गावचं नुसतं शिवार त्याहून मोठं असेल. तिथं कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांच्या भट्ट्या घरांना लागून आहेत. बायका पापड लाटतात आणि गल्लीत पालथ्या टोपल्यांवर वाळवतात. आमच्याकडे चैत्रात पापड-सरगुंडे बाजेवर वाळतात आणि राखणीला एखादी म्हातारी बसते. तिथं राखण कोण करतं, विचारलं, तर मावशींचा मुलगा म्हणाला, "गल्लीच करते. येणारा-जाणारा आपोआप बाजूनं जाते."

शहरातले लोक याला 'जुगाड' म्हणून डोक्यावर घेतात तेव्हा माझं डोकं फिरतं. पिप्याचं दार कोणी हौसेनं करत नाही. सागवानाचं परवडलं असतं तर तेच लावलं असतं. नळाला तासभर पाणी येतं म्हणून तिथं खोलीसमोर निळे ड्रम, आणि इथं नळ आहे पण टाकी कोरडी म्हणून बैलगाडीवर तेच निळे ड्रम. हुशारी खरी, पण ती अडचणीनं शिकवलेली. तरी एक कबूल करावं लागेल: पोचा काढलेला पिपा हातात घेऊन तो मुलगा कोपरा न् कोपरा दाखवत होता, तेव्हा त्याच्या तोंडावर अडचण नव्हती. कारागिरी होती.

दिवाळीत आला तेव्हा तो ओसरीवर सांगत होता, पोचा कुठं आहे त्यावर भाव ठरतो. कोपरा दबला की किंमत पडते. मावशींनी कापूस वेचायचं ओटीचं फडकं घडी करता करता कान टवकारले.

"मंग आपला गोठ्यातला कितीले जाईन?"

"माय, त्याले तं भोकं हायेत."

"ते म्याच पाडले नं! कोंबडीच्या पिल्लायले हवा नको?"