किडनी काढल्यावर काही वर्षांनी लघवीत परत रक्त: माझा अनुभव

उजवी किडनी कॅन्सरच्या गाठीसकट काढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, सगळं निघालंय, आता फक्त तपासण्या करत राहायचं. मी परत बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर उभा राहिलो. काही वर्षं स्कॅन साफ येत होते, आणि मग एका सकाळी लघवी कोकमाच्या आगळासारखी लाल झाली. दुखणं नाही, जळजळ नाही. शेजारच्या मामांनी मुतखडा म्हणून पानफुटीची पानं आणून दिली. मुतखडा असता तर मी गडाबडा लोळलो असतो की!

दुर्बिणीतून बघितलं तर मूत्राशयात गाठ. कमरेत इंजेक्शन देऊन ती खरवडून काढली. त्यानंतर तीन तोंडांची नळी, एकीकडून सलाईन आत, दुसरीकडून लाल पाणी पिशवीत. गोकाककडची नर्स येता-जाता विचारायची, ‘नोवु ऐतेन्री?’ म्हणजे दुखतंय का? दुखण्यापेक्षा पिशवीचा रंग कधी फिका होतोय याकडेच माझं लक्ष.

रिपोर्ट आला, ‘क्लिअर सेल’. मूत्राशयाचा स्वतःचा कॅन्सर बहुतेक वेळा आतल्या अस्तराचा असतो. हा दिसायला किडनीचा. असं क्वचित होतं म्हणे. डॉक्टरांनी जुन्या ऑपरेशनचा ब्लॉक आणायला सांगितलं.

ब्लॉक म्हणजे गाठीचा तुकडा मेणात बसवलेली चपटी प्लास्टिकची डबी, काडेपेटीहून लहान, कडेला नंबर. ती मिळवताना मात्र घाम फुटला. जुनं हॉस्पिटल दुसरं. तिथे आज चिठ्ठी हवी, उद्या पेशंट स्वतः हवा, परवा डिपॉझिट. त्यात रेशनकार्डावर नाव कन्नडात, फाइलीत इंग्रजीत, आणि स्पेलिंग जुळेना. कोल्हापूरचे साडू म्हणाले, ‘महाराष्ट्रानं २०२३ मध्ये मोफत उपचारांची महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केलीय, इकडेच या.’ पण आणखी कागद गोळा करायचं त्राण नव्हतं. बेळगावातच राहिलो.

दोन्ही तुकडे शेजारी ठेवून तपासले. पॅक्स-८ (किडनीच्या पेशींची खूण) पॉझिटिव्ह, गाटा-३ (मूत्राशयाच्या अस्तराची खूण) निगेटिव्ह. म्हणजे पाहुणा किडनीचाच. हे कळलं नसतं तर कदाचित मूत्राशयात बीसीजीचं, म्हणजे मूत्राशयाच्या कॅन्सरवरचं, औषध सोडत बसलो असतो, आणि किडनीच्या कॅन्सरवर त्याचा उपयोग नाही. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी ब्लॉक कुठे आहे, हॉस्पिटल तो किती वर्षं ठेवतं, एवढं आत्ताच विचारून ठेवा.

छातीच्या स्कॅनमध्ये बारीक ठिपके निघाले, म्हणून पॅझोपॅनिब ही किडनीच्या कॅन्सरवरची गोळी सुरू झाली. किडनी एकच, त्यामुळे डाय देऊन स्कॅन करायच्या आधी दर वेळी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी, बघतात. गोळी उपाशीपोटी: जेवणाआधी एक तास, नाहीतर जेवणानंतर दोन तासांनी. बीपी वाढतो, लिव्हरची रक्ततपासणी करत राहावी लागते, जुलाबाने बेजार होतो. मिशी पांढरीफटक झाली. कारखान्यातली पोरं आता आजोबा म्हणतात. ठिपके वाढलेले नाहीत. पुढची दुर्बीण गणपतीनंतर.